औषधांवरची सूट कोणाच्या खिशातून येते?

आमच्या घरी पगार झाला की पहिला खर्च अम्मींच्या औषधांचा. शुगरच्या दोन गोळ्या, बीपीची एक, कोलेस्टेरॉलची एक आणि सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची एक. पाच-सहा वर्षांपासून ही औषधे आम्ही मोबाईलवरून मागवतो. शिक्षिकेची सवय म्हणा, सगळी बिले मी फाईलला लावून ठेवते. मागच्या महिन्यात सुट्टी होती म्हणून ती फाईल काढून बसले.

२०२१ च्या एका बिलावर छापील किंमत २,१४० रुपये होती. त्यावर २५ टक्के सूट आणि वर शंभर रुपये कॅशबॅक, म्हणजे हातातून गेले साधारण दीड हजार. मागच्या महिन्याच्या बिलावर त्याच पाच औषधांची छापील किंमत २,६१० आहे, सूट १५ टक्के आणि वर बारा रुपये कसली तरी फी. एकूण २,२३० रुपये. कॅशबॅक कधी बंद झाला ते मला आठवतही नाही.

मग आमच्या मोहल्ल्यातल्या मेडिकलवाल्या चाचांना यादी दाखवली. ते म्हणाले, "बारा टक्के सोडीन, बेटी." म्हणजे २,२९७ रुपये. फरक किती, तर ६७ रुपये. ज्या ॲपसाठी आपण चाचांचे दुकान सोडले, ते आता चाचांपेक्षा ६७ रुपयांनीच स्वस्त आहे. मग २०२१ मध्ये ती २५ टक्के सूट कशी परवडत होती? आणि आता का परवडत नाही?

याचे उत्तर शोधताना जे कळले ते इथे मांडते आहे. घरात एकाला जरी रोजची गोळी असेल तर हे माहीत असलेले बरे.

शंभर रुपयांच्या गोळीचे गणित

औषधाचा धंदा कापडाच्या किंवा किराण्याच्या धंद्यासारखा मोकळा नाही. पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. जी औषधे सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ठरवते. ती ठरवताना किरकोळ दुकानदारासाठी १६ टक्के मार्जिन गृहीत धरलेले असते. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी ठरवते, पण वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. या औषधांवर घाऊक विक्रेत्याला १० टक्के आणि मेडिकलवाल्याला २० टक्के असा बाजाराचा जुना रिवाज आहे.

आता वर्गात फळ्यावर मांडावे तसे मांडू. जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवू. पाकिटावर १०० रुपये छापले आहेत. मेडिकलवाल्याला ते ८० रुपयांना पडते. त्याला माल देणाऱ्या घाऊक विक्रेत्याला ते ७२ रुपयांना पडते. मेडिकलवाल्याच्या हातात वीस रुपये, त्यातूनच भाडे, लाईट बिल, पोराचा पगार आणि स्वतःचे घर.

समजा तुम्ही ॲपवर ५०० रुपयांची औषधे मागवली आणि २५ टक्के सूट मिळाली. ॲपला मिळाले ३७५ रुपये. तोच माल मेडिकलवाल्याच्या भावाने घेतला असेल तर खरेदी ४०० रुपयांची. म्हणजे डबा पॅक व्हायच्या आधीच २५ रुपयांचा तोटा! घाऊक भावाने घेतला असेल तर खरेदी ३६० रुपयांची, उरले १५. त्या पंधरा रुपयांत गोदाम, डबा, गाडीवर येणारा मुलगा, फोन उचलणारी माणसे, ॲप चालवणारे इंजिनीअर आणि जाहिरात, एवढे सगळे कसे बसणार? नुसते पार्सल घरी पोहोचवायलाच याहून जास्त लागतात.

हे गणित पाचवीच्या मुलालाही कळेल. मग एवढ्या मोठ्या शिकलेल्या लोकांना कळत नव्हते का? चांगले कळत होते. ती सूट औषधाच्या नफ्यातून येतच नव्हती. ती गुंतवणूकदारांच्या पैशांतून येत होती.

गिऱ्हाईक विकत घेण्याची शर्यत

ऑनलाइन धंद्याचा एक हिशोब असतो. गिऱ्हाईक पहिल्यांदा आणायला खर्च येतो, पण एकदा ते टिकले की वर्षानुवर्षे पैसे देत राहते. रोजची गोळी घेणारा माणूस या हिशोबात सोन्यासारखा. मोबाईल आपण तीन-चार वर्षांनी घेतो, बूट वर्षातून एकदा. शुगरची गोळी मात्र दर महिन्याला लागते आणि बहुतेकांना ती आयुष्यभर लागते. असा माणूस एकदा आपल्या ॲपवर बसला की उठणार नाही, म्हणून सुरुवातीला त्याच्यावर तोटा सोसला तरी चालेल, असा विचार होता.

दुसरा विचार असा की दहा ॲप भांडत असतील तर शेवटी दोन-तीनच उरतील. जे उरतील त्यांच्या हातात भाव येईल. म्हणून प्रत्येकाला घाई. ज्याच्याकडे जास्त पैसा तो जास्त सूट देणार, ज्याचा पैसा संपला तो विकला जाणार. आपल्याला वाटत होते की कंपन्या आपल्यासाठी स्पर्धा करताहेत. ते खरेच होते, पण त्या आपल्याला जिंकण्यासाठी भांडत होत्या, आपल्याला कायम स्वस्त देण्यासाठी नव्हे. या दोन्हींत फरक आहे.

दीड वर्षात बाजार बदलला

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. त्याच महिन्यात केंद्र सरकारने परवानाधारक दुकानांना औषधे घरपोच द्यायला परवानगी दिली. घराबाहेर पडायची भीती होती आणि म्हातारी माणसे तर दारातही येत नव्हती. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांत मुलगा कुवेतला किंवा दुबईला आणि आई-वडील गावी. त्या मुलांनी तिकडून मोबाईलवर औषधे मागवायला सुरुवात केली ती याच काळात. ही सोय मोठी होती, हे कबूल केलेच पाहिजे.

मोठ्या घराण्यांच्या नजरेतून हे सुटले नाही. ऑगस्ट २०२० या एकाच महिन्यात ॲमेझॉनने बंगळुरूत औषधविक्री सुरू केली आणि रिलायन्सने चेन्नईच्या नेटमेड्सची मूळ कंपनी, व्हायटॅलिक हेल्थ, हिच्यात सुमारे ६० टक्के हिस्सा ६२० कोटी रुपयांना घेतला. अपोलो हॉस्पिटल्सनेही त्याच वर्षी आपले अपोलो २४/७ हे ॲप आणले. जून २०२१ मध्ये टाटा डिजिटलने वनएमजीचा मोठा हिस्सा विकत घेतला. नोव्हेंबर २०२१ मध्ये फ्लिपकार्टने सस्तासुंदरच्या ऑनलाइन धंद्यात पाय टाकला.

दीड वर्षापूर्वी जिथे नव्या पोरांच्या कंपन्या होत्या तिथे आता टाटा, अंबानी, ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या मागे असलेली वॉलमार्ट बसली होती. प्रत्येकाचा डाव वेगळा होता. टाटा आणि रिलायन्सला औषध हा आपल्या मोठ्या दुकानातला एक कप्पा म्हणून हवा होता. किराणा, कपडे, टीव्ही आणि औषध, सगळे एकाच ठिकाणी. अपोलोचा डाव आणखी वेगळा. त्यांच्याकडे हॉस्पिटल आणि डॉक्टर आधीपासूनच होते, आणि देशभर पसरलेली मेडिकल दुकाने तर आज सहा हजारांहून अधिक आहेत. ॲप हा त्यांच्यासाठी त्या सगळ्याचा दरवाजा. म्हणूनच ज्यांचे पोट फक्त औषधावर होते, त्यांची सगळ्यात जास्त ओढाताण झाली.

मुंबईच्या फार्मइझीची गोष्ट

ही ओढाताण समजून घ्यायला लांब जायला नको. फार्मइझी ही मुंबईतच वाढलेली कंपनी. धर्मिल शेठ आणि डॉ. धवल शाह यांनी ती २०१५ मध्ये सुरू केली. पुढे ती असेंट हेल्थ या घाऊक औषधविक्रीच्या कंपनीबरोबर एकत्र आली आणि एपीआय होल्डिंग्ज ही मोठी कंपनी तयार झाली. वरचे गणित आठवत असेल तर यामागचे कारण लगेच कळेल. घाऊक धंदा हातात आला की ८० चा माल ७२ ला पडतो.

मे २०२१ मध्ये त्यांनी मेडलाइफ ही प्रतिस्पर्धी कंपनी आपल्यात सामावून घेतली. मेडलाइफचे ॲप बंद झाले आणि त्यांचे गिऱ्हाईक फार्मइझीकडे वळवले गेले. माझ्या शाळेतले काही सहकारी मेडलाइफवरून औषधे मागवायचे. त्यांना एके दिवशी कळले की आपण आता दुसऱ्याच कंपनीचे गिऱ्हाईक आहोत.

लगेच जून २०२१ मध्ये सगळ्यात मोठा सौदा जाहीर झाला. नवी मुंबईच्या थायरोकेअरमधला ६६.१ टक्के हिस्सा ४,५४६ कोटी रुपयांना! थायरोकेअर उभी केली डॉ. ए. वेलुमणी यांनी. कोइम्बतूरजवळच्या खेड्यातल्या गरीब घरातला हा माणूस आधी भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरीला होता. १९९६ मध्ये त्यांनी थायरॉईडच्या तपासण्या स्वस्तात करायला सुरुवात केली. देशभरातून रक्ताचे नमुने विमानाने नवी मुंबईला आणायचे आणि एकाच मोठ्या लॅबमध्ये रातोरात तपासायचे, ही त्यांची युक्ती. मशीन एकदा घेतले की त्यावर शंभर नमुने तपासा की हजार, मशीनचा खर्च तोच. नमुने जितके जास्त तितकी एक तपासणी स्वस्त.

औषध विकणाऱ्या कंपनीने लॅब का घेतली? कारण तपासणीवर औषधासारखे बांधलेले मार्जिन नाही. औषधाच्या शंभरात वीसच रुपये वाटायला असतात. तपासणीत वाव कितीतरी जास्त. ज्याला शुगरची गोळी लागते त्याला तीन महिन्यांनी शुगरची तपासणीही लागते. औषधाने गिऱ्हाईक आणायचे आणि तपासणीतून कमवायचे, असा बेत.

बेत चुकीचा नव्हता, पैसे उसने होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने ६,२५० कोटींचा आयपीओ आणण्यासाठी कागदपत्रे सेबीकडे दिली. त्या वेळी कंपनीची किंमत सुमारे ५.६ अब्ज डॉलर धरली जात होती. पण २०२२ उजाडले, जगभर व्याजदर वाढू लागले, तोट्यातल्या कंपन्यांचे शेअर कोसळले आणि ऑगस्टमध्ये कंपनीने आयपीओचा अर्ज मागे घेतला. त्याच वर्षी गोल्डमन सॅक्सकडून सुमारे २,२८० कोटींचे कर्ज घेऊन जुने कर्ज फेडावे लागले. २०२२-२३ या वर्षाचा तोटा ५,२०० कोटींच्या घरात गेला. त्यातला मोठा भाग विकत घेतलेल्या धंद्यांची किंमत हिशोबात कमी करून दाखवल्याचा होता. म्हणजे जे महाग घेतले होते ते तेवढ्या लायकीचे नाही, हे वहीत मान्य करावे लागले.

२०२३ मध्ये जुन्याच भागधारकांकडे पैसे मागायची वेळ आली, तेही आधीच्या भावापेक्षा सुमारे ९० टक्के कमी भावाने. मणिपाल समूहाचे रंजन पै पैसे घेऊन आत आले. शेवटी २०२५ मध्ये एपीआय होल्डिंग्जचे प्रमुख म्हणून नेमले गेले ते थायरोकेअर चालवणारे राहुल गुहा. औषधाच्या कंपनीने लॅब विकत घेतली होती, आणि चार वर्षांनी लॅबचा माणूस अख्ख्या कंपनीच्या खुर्चीत बसला. पैसा कुठे आहे हे यातून कळतेच.

त्यामुळे माझ्या २०२१ च्या बिलावरची ती २५ टक्के सूट अशाच काळातली होती. माझे ॲप कोणते होते ते महत्त्वाचे नाही, सगळ्यांचे खेळ कमी-जास्त हेच होते. परदेशी फंडांचे पैसे आपल्या अम्मी-अब्बांच्या गोळ्यांवर खर्च होत होते. आपला फायदा झाला, त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. पण ते कायमचे नव्हते आणि आता संपले आहे.

आता पैसा कुठून काढतात?

सूट कमी झाली, पण कंपन्यांना आता नफा दाखवायचा आहे. मग तो कुठून येतो? आपल्या बिलाकडे नीट बघितले की वाटा दिसतात.

पहिली वाट छोट्या-छोट्या फींची. ठराविक रकमेखाली डिलिव्हरी चार्ज, वर हाताळणीची फी, कधी पॅकिंगची. ती टाळायची तर वर्षाची मेंबरशिप घ्या. मेंबरशिप घेतली की पैसे वसूल व्हावेत म्हणून आपण दुसरीकडे बघतच नाही. कंपनीला हेच हवे असते.

दुसरी वाट टोपलीत भर घालण्याची. औषधे निवडून झाली की खाली प्रोटीन पावडर, मल्टीव्हिटॅमिन, फेसवॉश, शुगर तपासायचे मशीन. यातल्या बऱ्याच वस्तूंवर औषधासारखे किमतीचे बंधन नाही, शिवाय कितीतरी वस्तू कंपनीच्या स्वतःच्या ब्रँडच्या असतात. पाचशेवर फ्री डिलिव्हरी म्हणून ४३० रुपयांच्या औषधांत आपण १५० रुपयांची नको असलेली डबी टाकतो आणि डिलिव्हरीचे पैसे वाचले म्हणून खूशही होतो.

तिसरी वाट तपासणीची, आणि इथे सगळ्यात सावध राहायला हवे. ८० तपासण्या फक्त इतक्या रुपयांत, अशी जाहिरात आपण रोज बघतो. ८० हा आकडा कसा होतो? रक्ताची साधी सीबीसी केली तरी तिच्यात वीसहून अधिक आकडे येतात. प्रत्येक आकडा एक तपासणी म्हणून मोजला की झाले. दुसरे असे की एवढे सगळे तपासले तर निरोगी माणसाच्याही रिपोर्टवर एक-दोन आकडे लाल रंगात येणारच. मग घबराट, मग परत तपासणी, मग गोळी. आमच्या घरातच एका पॅकेजनंतर तीन महिने व्हिटॅमिनच्या गोळ्या चालल्या. पुढे नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, याची गरज नव्हती. या बाजारात गर्दी वाढतेच आहे. २०२५ मध्ये ॲमेझॉननेही मुंबईसह सहा शहरांत घरी येऊन रक्त घेण्याची सेवा सुरू केली.

चौथी वाट स्वस्त पर्यायाची. ही वाट आपल्याही फायद्याची असू शकते. बाजारात एकाच घटकाचे औषध पन्नास नावांनी मिळते. कमी नाव असलेल्या कंपन्यांची औषधे दुकानदाराला छापील किमतीच्या निम्म्याहूनही कमी भावात पडतात. म्हणून ट्रूमेड्ससारखे ॲप महागड्या ब्रँडऐवजी त्याच घटकाचे दुसरे औषध सुचवतात. हैदराबादच्या मेडप्लसने तर आपल्याच नावाची औषधे मोठ्या सवलतीत विकायला काढली आहेत. इथे गिऱ्हाईकही वाचवते आणि कंपनीही कमावते. मात्र बदल करायचा की नाही हे ॲपने नाही, डॉक्टरांनी ठरवायचे.

पाचवी वाट आपल्या माहितीची. घरात कोणाला कोणता आजार आहे, गोळी कधी संपते, रिपोर्टमध्ये काय आले, हे सगळे ॲपला माहीत असते. पाच तारखेच्या आधी बरोबर तीन तारखेला मेसेज येतो तो उगाच नाही. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. त्याच्या मुळाशी आपली संमती आहे. ती आपण मी सहमत आहे या बटणावर एका बोटाने देऊन टाकतो. लग्नाच्या वयाच्या मुलीचे किंवा नोकरी शोधणाऱ्या मुलाचे आजारपण आपण शेजाऱ्याला सांगत नाही. ॲपला मात्र सगळे सांगतो.

कायदा कुठे अडला आहे?

आपल्याकडे औषधविक्रीचा कायदा १९४० चा आणि त्याचे नियम १९४५ चे. त्या वेळी ॲपची कल्पनाच नव्हती. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा काढला, पण तो अंतिम झालेला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याशिवाय ऑनलाइन विक्री थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी वीसच्या आसपास ऑनलाइन विक्रेत्यांना कारणे दाखवा नोटिसा पाठवल्या. त्यांत टाटा, ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांचीही नावे होती. कंपन्यांचे म्हणणे असे की आम्ही फक्त मधला दुवा आहोत, औषध देणारे दुकान परवानाधारकच आहे. म्हणूनच बिल आल्यावर त्यावर दुकानाचे नाव आणि औषध परवान्याचा नंबर आहे का ते बघा. तक्रार करायची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडतो.

चिठ्ठीचाही प्रश्न आहे. शेड्यूल एच, एच वन आणि एक्समधली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. चिठ्ठी नसेल तर ॲपवरून डॉक्टरांचा फोन येतो. फोनवर सल्ला देणे बेकायदा नाही, २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत त्याला मान्यता आहे, नियमही आहेत. पण मला एकदा असा फोन आला तो दीड मिनिटाचा. नाव, वय, आधी घेत होता का, बस्स. चिठ्ठी तयार. असल्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक मागवू नका. पाकिटावर लाल उभी रेघ दिसली की समजायचे, हे औषध मनाने घ्यायचे नाही.

मेडिकलवाले चाचा

या सगळ्यात नुकसान कोणाचे? देशात बारा लाखांहून अधिक औषधविक्रेते असल्याचे त्यांची संघटना सांगते. तिचे अध्यक्ष जगन्नाथ शिंदे आपल्या महाराष्ट्रातलेच. ऑनलाइन विक्रीविरोधात या संघटनेने २८ सप्टेंबर २०१८ ला देशभर दुकाने बंद ठेवली होती. त्यांचे सगळे म्हणणे मला पटते असे नाही. ॲप आली नसती तर चाचांनी बारा टक्के सूट कधी दिली असती का? आता ते व्हॉट्सॲपवर यादी घेतात, पोराला घरी पाठवतात. हे स्पर्धेचे देणे आहे आणि ते मान्य करायला हवे.

पण दुसरी बाजूही आहे. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला शेजारच्या लहान मुलाला ताप चढला. ॲप दाखवत होते, उद्या संध्याकाळपर्यंत. चाचांनी शटर अर्धे उघडून औषध दिले, पैसे उद्या द्या म्हणाले. ही उधारी आणि ही माणुसकी कुठल्याच ॲपच्या धंद्यात बसत नाही. दर महिन्याचा बांधलेला धंदा ॲपकडे आणि रात्रीची अडचण तेवढी चाचांकडे, असे चालले तर एक दिवस शटर उघडायला चाचा नसतील. आता मोठ्या शहरांत पंधरा-वीस मिनिटांत औषध पोहोचवण्याची चढाओढ सुरू झाली आहे. पण ती महाड-खेडच्या गावात किंवा मराठवाड्याच्या तालुक्यात कधी पोहोचेल?

मग आपण करायचे काय?

ॲप काढून टाका असे मी सांगणार नाही. मी स्वतःही काढलेले नाही. एवढेच करा.

सूट किती टक्के ते बघू नका, एक गोळी कितीला पडली ते बघा. पाकिटात कधी दहा गोळ्या असतात, कधी पंधरा. एकूण बिलाला गोळ्यांनी भागा, फी धरून. हे काम घरातल्या सातवी-आठवीच्या मुलाला द्या, त्याचे गणितही पक्के होईल.

औषधाच्या ब्रँडखाली बारीक अक्षरांत घटकाचे नाव असते, जसे मेटफॉर्मिन किंवा ॲमलोडिपिन. ते वहीत लिहून ठेवा. सरकारने ठरवलेली कमाल किंमत फार्मा सही दाम या सरकारी ॲपवर बघता येते.

डॉक्टरांना अदबीने विचारा, "डॉक्टरसाहेब, हेच औषध स्वस्तात मिळेल का?" देशात पंधरा हजारांहून अधिक जनऔषधी केंद्रे आहेत, तिथे बरीच औषधे निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळतात. पण थायरॉईड, फिट येणे, रक्त पातळ करणे यांची औषधे विचारल्याशिवाय बदलू नका.

इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात राहायला हवे. ते शक्यतो फ्रिज असलेल्या जवळच्या दुकानातूनच घ्या. पार्सल आले की प्रत्येक पाकिटाची मुदत बघा, मगच कपाटात ठेवा.

पॅकेजची तपासणी जाहिरात बघून करू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेली तेवढीच करा, मग लॅब कुठलीही असो.

शेवटी माझ्या फाईलकडे येते. ॲप आणि चाचांतला फरक ६७ रुपये निघाल्यावर मी अम्मींची यादी घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि वरचाच प्रश्न विचारला. त्यांनी यादी बघितली आणि पाचपैकी दोन गोळ्यांचा ब्रँड बदलून दिला. घटक तेच, मात्रा तीच. महिन्याला सहाशे रुपयांहून जास्त वाचले. पाच-सहा वर्षे मी कूपन शोधत बसले होते. तो प्रश्न पहिल्याच महिन्यात विचारायला हवा होता.

आता अम्मींची औषधे चाचांकडूनच येतात. ॲप मोबाईलवर आहे, भाव बघायला.